हसनाबादची हिरवी ज्योत

दर सोमवारी सकाळी आठपासून हसनाबादच्या बाहेरच्या पटांगणात रांग लागायची. टेंपो भरभरून माणसं यायची. कुणाच्या छातीत धडधड, कुणाला झोप नाही, कुणाचं लग्न जमत नाही. तक्रारी शंभर, इलाज एकच : सोमेश्वर महाराजांची हिरवी ज्योत.

ज्योत म्हणजे काय, तर महाराज मनगटावरचं काळं घड्याळ काढून उलटं धरायचे आणि त्याच्या पोटात हिरवा उजेड लुकलुकायचा. ना तेल, ना वात! बायका पदर सावरून हात जोडायच्या.

"बारा वर्सं डोंगरात बसलो, तवा ही ज्योत पावली," महाराज डोळे मिटून सांगायचे. "हिला मानसाच्या रक्तातलं दिसतं. रक्तात दोष असला की आकडा चढतो, माझा हात फिरला की उतरतो. ही अंधश्रद्धा न्हाई, बरं का. हे क्वांटम हाय, क्वांटम!"

त्या बारा वर्षांपैकी निदान आठ वर्षं महाराज बसस्टँडसमोर मोबाईलच्या काचा बसवत होते, हे रांगेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. पण काच इतकी सफाईने बसवणाऱ्या हाताला सिद्धी असणारच, अशी त्यांनी आपली समजूत घालून घेतली होती.

धावडा गावची अर्पिता त्या सोमवारी रांगेत उभी होती ती मनाविरुद्ध. वय वीस. पोलीस भरतीची मैदानी चाचणी अठरा दिवसांवर आलेली, आठशे मीटर पळायचं होतं. चार दिवसांपूर्वी तिने मैत्रिणीचं, साक्षीचं, पळताना घालायचं घड्याळ सहज हातात घालून सराव केला. घड्याळाने ठोके दाखवले एकशे चौऱ्याऐंशी. तो आकडा आत्याच्या, चतुराबाईंच्या, कानावर गेला. आत्या महाराजांची भक्त. तिने भावाला, म्हणजे अर्पिताच्या वडिलांना, कारभारींना, सांगितलं, "कारभारी, पोरीचं काळीज फुटंल रे." झालं. कारभारींनी मोटारसायकल काढली.

अर्पिताचा नंबर आला. शिष्याने तिच्या मनगटात घड्याळ अडकवलं, बांगडीसारखं सैल. मधल्या खांबाभोवती पाच फेऱ्या पळायचं. दुसरा शिष्य टाळ बडवायला लागला. "पाऊल तालावर टाक पोरी, ताल चुकला की दोष लपतो!"

फेऱ्या संपल्या. महाराजांनी घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एकशे अठ्ठ्याहत्तर! हिच्या अंगात धावरा दोष हाय! भरतीत पळाली तर मैदानातच..." त्यांनी चुटकी वाजवली. गर्दी हळहळली. कारभारींचा चेहरा पांढरा पडला.

अर्पिताने मात्र सवयीने दोन बोटं गळ्यावर ठेवली होती. भरतीच्या वर्गात तसं शिकवलं होतं. पंधरा सेकंदांत बत्तीस ठोके. चार पट केले तर एकशे अठ्ठावीस. आपणच चुकलो, असं तिला वाटलं.

मग तिला पाटावर बसवलं. शिष्याने घड्याळ दोन बोटं वर सरकवून पट्टा घट्ट ओढला. महाराजांनी पाच मिनिटं मंत्र पुटपुटला, तीर्थ शिंपडलं. आकडा चौऱ्याऐंशी. "उतरला! पण सव्वा महिना पळायचं नाव घ्यायचं न्हाई. भरती-बिरती बिलकुल बंद."

पाठोपाठ आत्या बसली. शहात्तर. "चतुराबाई, तुमचं काळीज सोळा वर्सांच्या पोरीचं झालं! त्या डॉक्टरच्या गोळ्या आता इख समजा." आत्याने पिशवीतून हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तीर्थाच्या बादलीत टाकून दिलं. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

घरी आल्यावर कारभारींनी तिचे बूट माळ्यावर टाकले. "अप्पा, मला कायबी झालं न्हाई," ती म्हणाली. "तू गप. आकडा मी सोताच्या डोळ्यांनी बघितला," ते म्हणाले. आणि त्यांनी माळ्याची शिडीही काढून घेतली.

मंगळवारी ती आणि साक्षी घड्याळ घेऊन गोठ्यामागे बसल्या. बुधवारीही बसल्या, मोबाईलवर वाचत आणि एकेक करून बघत. शनिवारपर्यंत आत्याला न्हाणीपासून ओट्यापर्यंत चालताना दम लागायला लागला. अर्पिताने आरोग्य उपकेंद्रातल्या वंदना सिस्टरांना गाठलं, सगळं सांगितलं. सिस्टर आत्याला बघायला आल्या, तर आत्याने कडी लावून घेतली. "ज्योतीनं बरं केलंय मला. सोमवारी महाराजापुढं बोला काय ते!"

म्हणून सोमवारी आत्या, कारभारी आणि अर्पिता पुन्हा रांगेत उभे राहिले, तेव्हा सिस्टरही आल्या. अर्पिताचा नंबर आला तेव्हा तिने नैवेद्याच्या ताटातलं एक केळं उचललं.

"महाराज, मह्या आधी ह्याची नाडी बघता का?"

लोक हसले. महाराजही हसले. "पोरी, ज्योत जित्याशीच बोलते. केळ्याशी कशी बोलंल? घे, बघ." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने घड्याळ केळ्याला बांधलं.

अर्पिता मनात सेकंद मोजू लागली. गोठ्यामागे केळ्याला दहा वेळा बांधून पाहिलं होतं, त्यात तीनदा घड्याळ गप्पच राहिलं होतं. दहा सेकंद गेले. वीस. मग काचेवर आकडा उमटला.

"एकाहत्तर!" पुढचा म्हातारा ओरडला.

महाराज सावरले. "बराबर हाय. फळातबी प्राण असतोच की!"

"मंग ह्याला धावरा झालाय का तेबी बघू." तिने पट्टा सैल केला, टाळकऱ्याला म्हणाली, "दादा, वाजवा." आणि टाळाच्या तालावर केळं हलवत राहिली. शंभर, एकशे चाळीस, एकशे चौऱ्याहत्तर.

"आरं, केळ्याला दम लागला!" मागून कुणी तरी ओरडलं आणि सगळं पटांगण खदखदून हसलं. महाराजांनी घड्याळाकडे हात घातला, पण तोवर ते रांगेतून हातोहात फिरायला लागलं होतं.

"सिद्धीचा उजेड न्हाई हा," अर्पिता मोठ्याने म्हणाली. "साधा दिवा हाय. कातड्यातून आत जातो. रक्त हललं की परतणारा उजेड कमीजास्त होतो, घड्याळ तेच मोजतं; केळ्यात रक्त न्हाई, तरी उजेड जरा हलला की आकडा देतं. सैल बांधून पळवलं की हिसक्यानंबी उजेड हलतो, मंग ते ठोके सोडून पावलंच मोजून राह्यलं. टाळ मिनिटाला पावणेदोनशे, म्हणून आकडाबी तेवढाच! खाली बसवलं, घट्ट बांधलं, की उतरतो. कुणाचाबी उतरतो. मंत्र म्हणा, न्हाई तर गप बसा."

सिस्टरांनी तेवढ्यात फिरत आलेलं घड्याळ आत्याच्या एका मनगटावर घट्ट बांधून दुसरं मनगट धरलं होतं. छातीला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी कारभारींना बाजूला न घेता, सगळ्यांदेखत सांगितलं, "घड्याळ शहात्तर म्हणतं. ठोके एकशे तीसच्या वर आहेत, तेही अडखळत, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. असे ठोके मनगटावरच्या घड्याळाला कधी कधी सापडतच नाहीत. आता इथून थेट दवाखान्यात."

हसू थांबलं. कारभारींनी बहिणीला उचलून टेंपोत बसवलं. आत्या तीन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणखी आठवडाभर बंद राहिल्या असत्या तर रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायू व्हायला वेळ लागला नसता.

महाराज त्याच दुपारी गेले. परतूरकडे कुठेसे आता तांब्याच्या कड्यातून रोग ओढतात म्हणे. रांग तिथेही आहे.

अर्पिताचे बूट कारभारींनी स्वतः माळ्यावरून काढले. मधले आठ दिवस बुडाले ते बुडालेच. तरी तिने आठशे मीटर तीन मिनिटं चार सेकंदांत मारले आणि अंतिम रेषेपलीकडे धपकन मातीत बसली. यादी अजून लागायची आहे.

गावात पारावर अजून एक जण म्हणतो, त्या दिवशी ते केळंच भारलेलं होतं. कारभारी आता त्याच्याशी वाद घालत नाहीत.

"घड्याळ माग कुणाचं तरी," ते म्हणतात. "केळं तुह्या घरचं घे. बांध अन् बघ. मव्हं खरं धरू नको, मह्या पोरीचंबी धरू नको. मी त्या बुवाचं न बघता खरं धरलं, अन् बहीण जाता जाता राहिली. तू आधी बघ, मंग बोल."