एकमताने चाळीस

मुजीबने गुन्हा अंगावर घेतला तेव्हा तो फक्त ताशी चाळीस किलोमीटरचा होता.

कुंडलच्या अलीकडच्या त्या गावात कृष्णातआबांच्या शब्दाबाहेर निवडणूकसुद्धा होत नसे. त्यामुळे आबांचा मुलगा जयराज नवी गाडी घेऊन एसटीच्या थांब्यात घुसला आणि आत बसलेल्या सुलाबाईंचा पाय मोडला, तेव्हा अपघात कसा झाला हेही गावाने मारुतीच्या पारावर एकमताने ठरवलं. गाडी आबांचा ड्रायव्हर मुजीब चालवत होता. वेग चाळीस. म्हैस आडवी आली. म्हैस कुणाची यावर थोडा वाद झाला, कारण ती नावावर लावून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ती परगावची ठरली. सुलाबाईंनी दवाखान्यातून फोनवर संमती कळवली. मालकाच्या पोराचं आपल्या नावावर घ्यायचं, ही ड्रायव्हरकीतली जुनी रीत. चाळीस आणि म्हैस म्हटल्यावर किरकोळात सुटशील, असं आबा म्हणाले आणि मुजीबला ते पटलं.

गाडीत एक पेटी असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

धडकेआधीच्या पाच सेकंदांत वेग किती, ब्रेक दाबला का, पट्टा लावला का, एवढं ती टिपून ठेवते. मोटार वाहन निरीक्षक पल्लवीमॅडमनी सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावून ते वाचून दाखवलं. वेग एकशे अठरा. ब्रेक नाही. ॲक्सिलरेटर तळाला. पेटी कुठल्या पार्टीची, असं आबांनी विचारून घेतलं. सरपंचांनी चाळीसचा ठराव पुढे केला. त्यावर शिक्काही होता. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि पेटी सभेला हजर नव्हती, एवढंच म्हणाल्या.

चालवत कोण होतं, हे मात्र पेटीत नव्हतं. ते मुजीबच्या जबाबात होतं. म्हणजे एकशे अठरा आता त्याचे. मॅडमनी त्याचा परवाना मागून घेतला. परवाना गेला की स्टेअरिंग गेलं, आणि दुसरं त्याला काही येत नव्हतं. खरं बोलावं, तर अख्खं गाव त्याला खोटं पाडायला बसलेलं. त्याने आबांकडे पाहिलं. आबा पंख्याकडे बघत होते. मग त्याने जयराजकडे पाहिलं. एकशे अठरा ऐकल्यापासून जयराजचं तोंड उतरलं होतं. त्याला शाळेत सोडायचा तेव्हापासून मुजीब हे तोंड ओळखत होता.

“व्हय मॅडम, मीच,” मुजीब म्हणाला. “दुसरं कोन चालवनार? आमच्या दादांच्यानं ही गाडी ऐंशीच्या वर जातच न्हाई. लय भित्यात.”

“कोन भितो रं?” जयराज म्हणाला.

“गप,” आबा म्हणाले.

“आवं, त्यो काय बोलतोय ऐका की! मॅडम, तुमची पेटीच बाद हाय. एकशे अठरा कुठलं? म्या सोता काट्यावर एकशे तीस बघितल्यात. थांबा दिसला तवाबी एकशे तीसच हुतं. आन् ह्यो तर घरात जेवत हुता.”

सरपंचांनी ठरावाची घडी घातली. मॅडमनी खोट्या जबाबाचं नंतर बघू म्हणत मुजीबचा परवाना त्याच्याकडे सरकवला आणि जयराजला बसायला खुर्ची दिली.

मुजीब पायरी उतरला तरी आतून जयराजचा आवाज येतच होता. वळणावर गाडी तिसऱ्या गिअरात होती, तेवढं तरी पेटीत घालून घ्या, असं तो मॅडमना समजावून सांगत होता.