चांगूवरचा आळ

बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत हर्षदने तो काळा डबा पहिल्यांदा चालू केला, तेव्हा स्वतःच्याच हातांवर तो बेहद्द खूश झाला. वरून पाहाल तर टीव्हीला जोडायचं वीस वर्षांपूर्वीचं गेमचं यंत्र, ज्याला तेव्हाची पोरं प्लेस्टेशन म्हणायची. आत मात्र नवाकोरा कॉम्प्युटर. पुढचं जुनं बटण दाबलं की जुनाच हिरवा दिवा लागायचा आणि पडद्यावर आजकालच्या गाड्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या.

काम सोपं नव्हतं. हर्षद महाडच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता, बारीकसारीक कामाची हाताला सवय होती, तरी पावसाळ्याचे दोन महिने त्यात गेले. डब्याच्या आतले प्लास्टिकचे खांब त्याने करवतीच्या पात्याने कापले, कानशीने घासून सपाट केले. वितीएवढा मदरबोर्ड आत बसला, पण त्याच्यावरचा पंखा झाकणाला घासायला लागला. मग चपटा पंखा मागवला. पॉवर सप्लायला जागाच उरेना, तेव्हा लॅपटॉपला असतो तसा अडॅप्टर बाहेर ठेवला. जुनं मशीन, वायरी, सीडीचा ट्रे असं आतलं सगळं बिरवाडीच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. फोटो कॉम्प्युटर जोडणाऱ्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकले तर त्यांनी डबा डोक्यावर घेतला. एकाने विचारलं, ‘एवढी चांगली केस कुठे मिळाली?’ हर्षदने तेवढ्या एकाला उत्तर दिलं नाही.

कारण ती केस, म्हणजे बाहेरचा डबा, चोरीची होती. हा शब्द हर्षदने स्वतःशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता. आपण उच्चारायला हरकत नाही.

डबा त्याच्या चुलतभावाचा, राहुलदादाचा. राहुलला नववीत मार्क कमी पडले, तेव्हा काकांनी, म्हणजे राहुलच्या वडिलांनी, रागाने तो भांडुपहून उचलून गावी आणला आणि माळ्यावर टाकला. गाव पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवर. मे महिन्याच्या सुट्टीत राहुल तो चोरून खाली काढायचा आणि शेंबड्या हर्षदलाही खेळायला द्यायचा. पुढे काका वारले, राहुल नोकरीला लागला, घर वर्षभर बंद राहू लागलं. किल्ली राहिली हर्षदच्या वडिलांकडे, कुशाबांकडे. कुशाबा रोज संध्याकाळी ते घर उघडून देवापाशी दिवा लावायचे आणि पुन्हा बंद करायचे. स्वतःच्या मागच्या पडवीतलं सरपण कमी पडलं तरी भावाच्या घरातली एक काटकी त्यांनी कधी चुलीत घातली नव्हती.

या वैशाखात त्या घराची कौलं परतायला, म्हणजे पावसाआधी उतरवून पुन्हा नीट रचायला, वरच्या वाडीतला चांगू आला. तो माळ्यावरून छपरावर चढला, हर्षद खालून कौलं देत राहिला. काम संपवून चांगू घरी गेला आणि कुलूप लावायला म्हणून मागे राहिलेल्या हर्षदला कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला डबा दिसला. तो त्याने पिशवीत घातला. आधी विचारलं तर दादा नको म्हणेल, त्यापेक्षा बनवून झाल्यावर सांगू, असं ठरवलं. बनवून झाल्यावर वाटलं, फोनवर काय सांगायचं, गणपतीला येईलच की. अशा पळवाटा काढण्यात माणसाचं डोकं फार पटाईत असतं.

गणपतीला राहुल आला. बरोबर त्याची आई बनुबाई आणि मुलगी अक्षदा. आल्या आल्या राहुलने माळ्याला शिडी लावली. मुलीला म्हणे त्याने वर्षभर सांगून ठेवलं होतं की गावाला पप्पांचा गेम आहे, आपण दोघं खेळू. वर बराच वेळ धूळ उडाली. मग रिकामी चादर हातात घेऊन तो खाली उतरला.

“भावजी, माळ्यावर कोण चढला होता?” बनुबाईने कुशाबांना विचारलं.

“चांगू. कौलं परताय.” कुशाबा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारे.

“मंग झाला तर!” बनुबाई म्हणाली.

हर्षद तिथेच मखराला कागद चिकटवत बसला होता. आता बोलायला हवं हे त्याला कळत होतं. त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “नीट बघ ना दादा, खाली कणगीमागं असंल.” लाज वाटावी असं वाक्य होतं ते. ती त्याला वाटलीही, पण कागद चिकटवायचं त्याने थांबवलं नाही.

गणपती बसले तोवर बातमी दोन्ही वाड्यांत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगू कुशाबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. या म्हटलं तरी पडवीवर चढेना.

“तात्या, असा आळ घेऊन मी जगायचा नाय,” तो म्हणाला. “उद्या भैरीच्या देवळात गाऱ्हाणं घाला. मी सोता नारळ आणतो.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, ज्याने वस्तू नेली त्याच्या हाताला यश देऊ नको, त्याच्या घरात सुखाचा घास पचू देऊ नको, असं देवाला मोठ्याने सांगायचं. जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. गावाचा अनुभव असा की गाऱ्हाण्याचं नुसतं नाव निघालं तरी गेलेली वस्तू गुपचूप परत येते. ते बोलायचा मान पिढ्यान्‌पिढ्या कुशाबांच्या घराण्याकडे. म्हणजे उद्या कुशाबा सगळ्या गावासमोर स्वतःच्या पोराला शिव्याशाप देणार होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

“घालू,” कुशाबा म्हणाले.

हर्षद देवाधर्माचं फारसं मानणारा नव्हता. पण बापाच्या तोंडून ते शब्द निघणार ही कल्पनाच त्याला सहन होईना. दुपारी दुर्वा काढायला म्हणून त्याने राहुलला पऱ्ह्याकडे, ओढ्याकाठी नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मोबाइलवरचे फोटोही दाखवले.

राहुलने फोटो मोठे करकरून पाहिले. “आतलं मशीन?”

“भंगारात दिलं.”

राहुलने मोबाइल परत दिला. मग खांदे उडवून हसला. “जाऊ दे यार. पण काय बनवलायस रे हर्ष्या! लय भारी. एक काम कर, आजच्या आज आणून ठेव. कणगीमागं होता, सापडला, असं सांगतो मी. विषय खतम.”

“पण चांगूदादा...”

“अरे, सापडला म्हटल्यावर त्याचाही विषय खतमच ना? आईला खरं सांगितलं तर ती तुझ्या बाबांना नको नको ते बोलेल. घरात गणपती बसलाय, कशाला कालवा?”

हर्षदला हायसं वाटलं. फार हायसं वाटलं, आणि तिथेच खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं. त्याने मोटरसायकल काढली, पावसाच्या सरी अंगावर घेत बिरवाडी गाठली, डबा पिशवीत घालून दिवेलागणीच्या आत परत आणला. राहुलने ठरल्याप्रमाणे घरातून ओरडून सांगितलं, “आई, सापडला गं! कणगीमागंच होता.” डबा टीव्हीशेजारी आला. गाऱ्हाणं रद्द झालं. कुशाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो पाहून हर्षदला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संपलं ना एकदाचं, असं त्याने मनाला बजावलं.

रात्री आरत्या घरोघर फिरत फिरत बनुबाईच्या घरी आल्या. ओटीवर पन्नासएक माणूस दाटीवाटीने बसलं. ढोलकी चांगूची. गावात त्याच्या हाताची सर कोणाला नव्हती. तो हसतच आत आला.

“गावला ना काकी? बरा झाला. माझ्या जिवाला घोर लागलेला.”

“गावायचाच,” खांबाला टेकून बसलेले अरविंदमामा म्हणाले. “तूच गाऱ्हाण्याचं नाव काढलंस. मंग परत ठेवायला कितीसा वेळ लागतोय?”

ओटीवर हसू पसरलं. दुष्टपणाचं नव्हतं ते, गावात चालतं तसं मजेचं. चांगूने सावपणाचा आव आणून गाऱ्हाणं मागितलं, पण धाकाने स्वतःच माल परत ठेवला, एवढी साधी गोष्ट सगळ्यांना पटली होती. चांगूला आधी कळलंच नाही. तो ढोलकीची दोरी ताणत जागेवर बसायला वाकला. त्याच्या शेजारी बाकावर बनुबाईचा मोबाइल होता. तिने तो उचलला आणि कमरेला खोचला.

तेव्हा चांगूला कळलं. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही. त्याने ढोलकी खाली ठेवली. “हात दुखतोय जरा,” म्हणाला. “आज दुसरा कोन वाजवा.” आणि तो उठला.

हर्षदने हे दारातून पाहिलं. चोरीचा शिक्का पुसायला म्हणून आपण जे केलं, त्यानेच तो चांगूच्या कपाळावर पक्का बसला. काल निदान संशय होता. आज निकाल लागला, आणि तो आपण लावला. त्याने राहुलकडे पाहिलं. राहुल मान खाली घालून आरतीचं तबक सारखं करत होता.

“थांब चांगूदादा,” हर्षद म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाला, “थांब. डबा मी नेला होता.”

कोणी विश्वास ठेवेना. पोरगं भल्या मनाचं, चांगूला सांभाळून घेतंय, असंच सगळ्यांना वाटलं. अरविंदमामा म्हणालेसुद्धा, “बस रे, सणासुदीला कशाला!” तेव्हा हर्षदने टीव्हीशेजारचा डबा उचलून मधोमध आणला, खिशातल्या पेचकसाने चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

“बघा. हे जुनं मशीन नाय. आत कॉम्प्युटर हाय, मी बसवलेला. हे खांब मी कापलेत, हा पंखा मी लावलाय. वैशाखापासून हा डबा माझ्या बिरवाडीच्या खोलीत होता. कणगीमागं नव्हताच. आज मी आणून ठेवला.”

माणसं वाकून वाकून पाहू लागली. ज्या कामाची त्याने ग्रुपवर एवढी मिजास केली होती, ते काम आता एकेका तारेनिशी त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं. अक्षदा एवढंच म्हणाली, “पप्पा, मग तुमचा गेम कुठे गेला?” राहुलने तिला जवळ ओढून घेतलं.

कुशाबा भिंतीशी बसले होते. ते उठले. आता मारणार असं हर्षदला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण कुशाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते गणपतीसमोर गेले, तिथला एक नारळ उचलून दोन्ही हातांत धरला आणि देवळात बोलतात त्या आवाजात बोलू लागले.

“बा गणराया महाराजा! या घराची किल्ली माझ्यापाशी व्हती. घरातली वस्तू गेली. आळ चांगूवर आला. तो आळ खोटा हाय, महाराजा!”

“होय महाराजा,” पाचसहा जणांनी चाचरत म्हटलं.

“आमी सगळी त्याला हसलो, महाराजा!”

“होय महाराजा.” या वेळी आवाज मोठा होता, आणि त्यात अरविंदमामांचाही होता. बनुबाईने पदर डोळ्यांना लावला होता. तिचेही ओठ हलले.

“वस्तू नेली ती माझ्या पोरानं. दुसरा चोर ठरताना बघितलान आणि गप ऱ्हायला, महाराजा!”

बापाच्या तोंडावर त्याच्या पोराला चोर म्हणायला कोणाची जीभ रेटेना. कुशाबा नारळ धरून थांबले. हे वाक्य कोणीतरी पुरं केल्याशिवाय ते नारळ खाली ठेवणार नाहीत, हे हर्षदला कळलं, आणि ते कोणी पुरं करायचं हेही कळलं.

“होय महाराजा,” तो म्हणाला. एकट्याने.

मग बाकीचे म्हणाले. कुशाबांनी नारळ ठेवला. देवाकडे त्यांनी काही मागितलं नाही, शिक्षाही नाही आणि माफीही नाही.

हर्षद रडत होता. तो चांगूच्या पायाशी वाकला तसा चांगू मागे सरला.

“दादा, माफ कर मला.”

“माफीचं मंग बघू,” चांगू म्हणाला. “पयलं माझ्या घरी चल.”

“आता?”

“आता. हितं बोललास ते हितल्या लोकांना कळलं. काल रखमानं जेवन वाढता वाढता मला विचारलान, ‘खरं सांगा, कोणाला सांगायची नाय मी, तुमी नेलाव का?’ वीस वर्सं संसार झालाय आमचा.” त्याचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. “माझं तिनं ऐकलान, पण खरं मानलान नाय. तुझं मानील.”

हर्षदने डोळे पुसले आणि तो वरच्या वाडीच्या वाटेला लागला. चांगू पुढे चालत होता, मागे वळून पाहत नव्हता. रखमा दारातच उभी होती. दोघं आलेले पाहून तिने हर्षदला काही विचारलं नाही. ती नवऱ्याकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाली, “आता काय केलाव?”