पाच नंबरचा उजवा

मी एक बूट बोलतोय. जोड नव्हे, एकटाच. उजव्या पायाचा, पाच नंबरचा, चॉकलेटी, नाडीवाला. आज माझ्या तळाला चिखल लागलाय, टाच एका बाजूने झिजलीय, आणि तुम्हाला हसू येईल, पण या झिजण्याबद्दलच मला आभार मानायचे आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी एकटा नव्हतो. माझा जुळा, डावा, माझ्याच कातड्यातून कापलेला. आम्हाला एका खोक्यात उलटसुलट निजवलं. मला वाटलं, आता जन्मभर एक पाऊल त्याचं, एक माझं.

पण आम्हाला घेतलं ताईने.

ताई शिवणकाम करायची. लहानपणीच्या आजारात तिचा उजवा पाय वाढायचा राहून गेला होता. डाव्याला पाच नंबर लागे, उजव्याला तीन. म्हणून दर खेपेला एकाच नमुन्याचे दोन जोड घ्यायचे आणि त्यातले दोन बूट कोरेच्या कोरे पडून राहायचे. माझा जुळा तिच्या पायात गेला. मी उरलो. माझ्यासोबत उरला तीन नंबरचा डावा. उंटाशेजारी शेळी बांधावी तसे आम्ही एका खोक्यात.

त्या खरेदीच्या दिवशीचं भांडण मी खोक्याच्या फटीतून ऐकलंय. दुकानाच्या पायऱ्या उंच, धरायला कठडा नाही. त्यामुळे ताई खालच्या पायरीवर, रस्त्यातच बसायची आणि मालक खोकी बाहेर आणून द्यायचा. येणारे-जाणारे तिचा पाय न्याहाळत जायचे.

"मालक, आज जोड फोडा," ताई म्हणाली. "दोन पायांना चार बूट घ्यायला मी काय घोडी आहे?"

"अहो ताई, जोड फोडला तर उरलेला बूट काय डोक्यावर घालू?"

"घाला की. टक्कल तरी झाकेल."

रस्त्यावरची माणसं हसली. मालकही हसला, पण जोड काही फोडला नाही. "नियम आहे," म्हणाला.

ताईचा धाकटा भाऊ शेजारीच उभा होता. शाळा अर्ध्यात सोडलेला, डोक्याने तापट. ताई त्याला 'वादळ' म्हणायची. तो अस्तन्या सरसावून पुढे झाला. ताईने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागे ओढलं. "तू थांब. तुझ्या हाताने फक्त दात पडतील. मला उतार पाहिजे आणि खुर्ची पाहिजे."

तिने ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात अर्ज दिला. मालकाला बोलावणं गेलं. परत आल्यावर ती वादळाला सांगत होती, "साहेबांनी विचारलं, हा नियम लिहिलाय कुठे? मालक छताकडे बघत बसला. मग मी म्हटलं, साहेब, माणसाचे दोन खांदे सारखे नसतात म्हणून मी दोन बाह्या वेगळ्या बेतते. गिऱ्हाइकाला कधी म्हणत नाही, दोन सदरे घे."

मालकाने कबूल केलं. पायऱ्यांशेजारी उतार करायचा, आत खुर्ची ठेवायची, जोड फोडून द्यायचा आणि उरलेला बूट एका फळीवर मांडायचा. ज्याला एकच हवा, त्याने एकाचेच पैसे द्यावेत.

"उतार झाला की आपलं खोकंही त्या फळीवर नेऊन ठेवू," ताई म्हणाली. "कोरे बूट घरात कुजवायचे कशाला? त्यांचेही पाय कुठेतरी असतीलच."

वाकलं की तिची कंबर धरायची, म्हणून रोज सकाळी नाडी वादळ बांधायचा. दोन गाठी, घट्ट. ती त्याच्या डोक्यावर टपली मारायची. "बूट बांधतोयस की बैल?" मी खोक्यातून ऐकायचो आणि माझ्या जुळ्याचा हेवा करायचो.

मग ताईला ताप आला. साधाच वाटला. दवाखान्यात नेली ती परत आली नाही.

घरात बूट राहिले, पाय राहिला नाही. वादळ जेवायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. एका दुपारी तो उठला, आमचं खोकं काखेत मारलं आणि निघाला. वाटभर पुटपुटत होता, "तोंडावर फेकतो त्याच्या. माझ्या ताईला रस्त्यात बसवत होता."

तो तरातरा दुकानात घुसला आणि मध्येच थबकला. आपण पायऱ्या चढलोच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पायाखाली उतार होता. समोर फळी होती, आणि खुर्चीत एक फुलवाली मावशी बसली होती. कुबड्या शेजारी टेकवलेल्या. तिला एकच पाय होता, उजवा. ती फळीवरचे बूट पायाला लावून बघत होती. एकही बसेना.

मालकाने वादळाकडे पाहिलं. "ताई कशी आहे रे? उतार बघायला आलीच नाही."

वादळाच्या हातातलं खोकं खाली पडलं. मी घरंगळत मावशीच्या पायाशी गेलो.

"अगं बाई, हा तर माझ्याच मापाचा!" तिने मला उचललं.

"ठेवा तो! माझ्या ताईचा आहे!" वादळ ओरडला.

मावशीने मला लगेच खाली ठेवलं. "राहू दे बाबा. तिचा आहे तर तिलाच दे."

वादळ मालकाकडे वळला. म्हणाला, "ताई गेली." एवढंच.

मालक बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याच खालच्या पायरीवर, जिथे ती बसायची.

वादळ मावशीपुढे गुडघ्यावर बसला. मला तिच्या पायात घातलं. नाडी ओढली. एक गाठ, मग दुसरी.

"हळू रे," मावशी म्हणाली, "बूट बांधतोस की मोट?"

तो हसला, आणि हसता हसता तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग तिने पैसे काढले, पण वादळ घेईना, आत आलेला मालकही घेईना. तेव्हा मावशीने टोपलीतली फुलं काढून फळीवर ठेवली.

तेव्हापासून मी चालतोय. बाजार, चौक, फुलांचा ठेला. खडे टोचतात, पाणी शिरतं, आणि मला त्याचं केवढं अप्रूप! ज्या ताईच्या पायाला मी कधी लागलो नाही, तिच्यामुळेच मला जमीन मिळाली. मालका, तुझेही आभार. उशिरा का होईना, जोड फोडलास.

तुमच्या घरी खोक्यात कोणी एकटा कोरा पडला असेल तर त्याला फळीवर नेऊन ठेवा. तिथे माझा सोबती, तीन नंबरचा डावा, अजून आहे. वादळ येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसतो आणि नाडी सैल करून ठेवतो. कोणी आलं तर पाय चटकन आत जावा म्हणून.