गोरखच्या पाठीवरचा भोपळा

मी भोपळा बोलतोय. हसलात ना? हसा खुशाल. शाळेत गुरुजी पाटीवर मला काढतात तेव्हा पोरं रडतात, म्हणून कुणी हसलं की मला बरं वाटतं.

माझा जन्म कोल्हारातला, भिमाजीच्या गोठ्यावर चढलेल्या वेलावरचा. कोवळा असताना पानाआड दडलो म्हणून भाजी होण्यापासून वाचलो. जून झाल्यावर गोजरबाईने मला वाळवलं. मग तिच्या नवऱ्याने, भिमाजीने, पोहणं शिकवायला मला सुंभाने धाकट्या पोराच्या, गोरखच्या पाठीला बांधलं आणि दोघांनाही विहिरीत ढकललं.

ते दिवस फार मजेचे होते. गोरख पाण्यात कोलांट्या मारायचा, तोंडाने पिचकाऱ्या उडवायचा. महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, मोठी माणसं त्रासलेली असायची. आम्हा दोघांना त्याचं काहीच नव्हतं.

जत्रेत प्रवरा पोहून जायची शर्यत लागायची. त्यात एके काळी भिमाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा जेवताना तो म्हणाला, "औंदा गोरख उतरंल. आपल्या घरात दुसरा नंबर कुनाला ठावं न्हाई."

गोरखने अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली. शर्यतीत भोपळा चालत नाही. दुसऱ्या दिवशी तो मला काठावर ठेवून पाण्यात उतरला आणि हातपाय आखडून सरळ तळाला चालला. भिमाजीने वर ओढून खडसावलं, "भोपळ्याच्या जिवावर मिरवत हुतास व्हय रं?"

त्यानंतर गोरख आईकडून माझी गाठ दुहेरी मारून घेऊ लागला. पोहायचा, पण हसायचा नाही. पाठीवर बसून मला त्याच्या काळजाची धडधड कळायची. भिमाजीचा मला राग यायचा. माझाही यायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी थोरली बहीण साळू सासरहून, राहुरीहून आली. भावाचं तोंड बघून तिला सगळं उमगलं. तिने मला गुपचूप गोठ्यामागे नेलं, दाभण तापवलं आणि मला दोन भोकं पाडली. एक पाणी शिरायला, दुसरं हवा निघायला. मला वाटलं, पोरगी वेडी झाली. हा बुडाला तर?

गोरख मला बांधून विहिरीत उतरला. भिमाजी काठावर बसला. साळू खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, हात पुढे काढून उभी राहिली.

पाणी माझ्या पोटात शिरू लागलं. जन्मात पहिल्यांदा मला पाण्याची भीती वाटली. मी जड होत गेलो, गोरखला खाली ओढू लागलो. ऐन मधोमध त्याला ते जाणवलं. त्याने सुंभाला हात घातला, पण भिजलेली गाठ सुटेना. नाकातोंडात पाणी गेलं. साळू जागची हलली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

मग गोरखने गाठीचा नाद सोडला आणि हात मारायला सुरुवात केली. धापा टाकत, खोकत, मला ओढत तो पायरीला लागला.

साळूने मला सोडवून बापासमोर उलटा धरला. पाणी गळत राहिलं, बराच वेळ गळत राहिलं.

"गोरख, आज भोपळ्यानं तुला न्हाई तारलं," ती म्हणाली. "तू भोपळ्याला तारलंस."

भिमाजी उठून घरी गेला.

जत्रेच्या दिवशी मला कुणी नेलं नाही. आढ्याला टांगलेला मी नदीवरची हलगी ऐकत होतो. हलगी चढली, मग एकदम थांबली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

दिवस कलला तेव्हा भिमाजी एकटाच आला. गोजरबाई दारातच उभी होती.

"गोरख कुटं हाय? कितवा आला?"

"इचारायचं ऱ्हायलं," भिमाजी पागोटं काढत म्हणाला. त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "शर्यत कवाच संपली. अजून पान्यातच हाय त्यो. कोलांट्या मारतोय."

आता माझ्या पोटात दोडक्याचं बी असतं. पोहणं संपलं, तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: पोर पाण्यात उतरलं की काठावरच्यांनी जरा गप्प बसावं.