जिजाबाईनं पाहिलेला थेंब

"हिवतापाची गोळी नका देऊ सिस्टर तिले. गरम पडते. पोट खाली होऊन जाईन!" जिजाबाई पंचफुलाचं दार अडवून बसली होती.

सक्करदऱ्याच्या तलावामागची ती विणकरांची वस्ती. साल एकोणीसशे शहात्तर. वस्तीतली निम्मी माणसं जिजाबाई सुईणीच्या हातांवर जन्मलेली. तिला विचारल्याशिवाय कुणी गर्भारशीण काढाही घेत नसे. पंचफुलाला पाचवा महिना होता. मागचं लेकरू हिवतापात पोटातच गेलं होतं.

प्रेमिला सिस्टरनं वाद घातला नाही. "जिजामाय, दवाखान्यात येता काय माझ्यासंगं? एक दाखवाचं आहे."

दवाखान्याच्या खिडकीत सूक्ष्मदर्शक होता. काचेवर तापानं फणफणलेल्या एका गर्भारशीच्या रक्ताचा थेंब. जिजाबाईनं एक डोळा मिटला. आधी नुसता उजेड दिसला. सिस्टरनं चाक फिरवलं आणि थेंबातून अख्खं शिवार उघडलं. गुलाबी चकत्याच चकत्या, आणि काहींच्या आत निळ्या अंगठ्या, लाल खड्याच्या.

"हे काय होय वं?"

"हिवतापाचे जंतू. मच्छर चावला का रक्तात शिरते. पोटुशीच्या वारेत जाऊन बसते, लेकराचं अन्न अडवते. गोळी याइले मारते, लेकराले नाही."

जिजाबाईनं डोळा काचेवरून उचलला. "वार काळी पडते काय त्यानं?"

"हो. तुम्ही पाह्यली?"

"लय डाव. मले वाटे, बाहेरचं काही लागलं." ती पुन्हा वाकली. "इतकुसं हे! अन् मी जल्मभर भुताले नारळ फोडून राहिली."

सिस्टरनं दोनदा हाक मारली तरी तिचा डोळा काचेवरून हटेना.

मग दर सोमवारी जिजाबाईच गोळ्या घेऊन गर्भारशींच्या घरोघरी जाऊ लागली. जेवण झालेलं असलं तरच गोळी द्यायची, आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही.

पंचफुलाची सासू रुख्मिणी चिडली. "काल नाही म्हणे, आज काहून देऊन राहिली?"

"काल मी पाह्यलं नव्हतं."

पौषातल्या एका दुपारी पंचफुलाला मुलगी झाली. भरलेल्या अंगाची, लालबुंद, सगळी वस्ती ऐकेल अशी रडणारी. जिजाबाईनं शेकडो लेकरं हातात घेतली होती. या लेकराकडे मात्र ती बघतच राहिली. रुख्मिणीनं हात पुढे केले, तेव्हा भानावर आली.

घरात गूळ वाटणं सुरू झालं. जिजाबाई मागच्या दारानं तलावाच्या काठाला गेली. जन्मल्यावर न रडलेली लेकरं तिनंच तिथं पुरली होती. ती खाली बसली आणि निजलेल्या पोराला थापटावं तशी ती माती थापटत राहिली.