युद्ध संपल्यानंतरची तारीख

निकिताचा फोन आला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. लोकांना काही पटवून देणं मला जमत नाही. वाचनालयात चौतीस वर्षं नोकरी केली, पण उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडे दंड मागतानासुद्धा मान माझीच खाली असायची.

"काका, आजी ऐकतच नाहीये. सोमवारी मला कंपनीला कळवायचंय. आणि तुम्हाला माहितीये, ती मला तुमचंच पुस्तक दाखवते!"

निकिता पूर्वी आमच्या वाचनालयात अभ्यासाला यायची. आता ती नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात संगणकावर चालणारं सीएनसी मशीन चालवते. कंपनी तिला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायला तयार होती. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिला वाढवलं ते आजीने, शकुबाईंनी. त्यांना दुखवून ही पोरगी विमानात पाय ठेवणार नव्हती.

तिने म्हटलेलं पुस्तक म्हणजे बहात्तर पानांची एक पुस्तिका. पहिल्या महायुद्धात नाशिक जिल्ह्यातून गेलेल्या साध्या माणसांची माहिती मी गोळा केली होती आणि अकरा वर्षांपूर्वी स्वतःच छापली होती. तीत शकुबाईंच्या आजोबांवर चार ओळी आहेत. फोन ठेवल्यावर मी ते पान काढलं.

'सावळीराम देवराम, तालुका सिन्नर. १९१७ साली मजूर पलटणीतून इराकमधील बसऱ्याला रेल्वेचे रूळ टाकण्यासाठी गेला. परत आला नाही. तिकडेच स्थायिक झाला असावा.'

शेवटचं वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. परिच्छेद अर्धवट वाटला म्हणून मी ते आपल्या मनाने जोडलं होतं.

आपण कशाच्या आधारावर लिहिलं ते तरी बघावं, म्हणून जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी इस्पितळातल्या मृतांची यादी मी उतरवून घेतली होती. त्यात एक नोंद होती: सावळीराम, बापाचे नाव देवराम, तालुका सिन्नर, मजूर पलटण, बसऱ्याहून आलेला, विषमज्वर, जुलै १९१९. शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'हा तो नव्हे. युद्ध १९१८ मध्ये संपले.'

मी खुर्चीत बसलो. युद्ध १९१८ मध्ये संपलं ते माझ्या पुस्तकांत. तह झाला, तरी रूळ टाकणाऱ्यांना कोणी सोडलं नव्हतं. इंग्रजांना तो मुलूख हातात ठेवायचा होता, तिथलं तेल हवं होतं, त्यासाठी गाड्या चालायला हव्या होत्या. मजुरांना त्यानंतरही वर्ष वर्ष, दोन दोन वर्षं राबवलं. हे सगळं मी नंतर वाचलं होतं. वाचून "अरेरे" म्हणालोही होतो. पण उठून ही वही उघडली नव्हती.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरून रिक्षा करून मी त्यांच्या वसाहतीत गेलो.

"जय भीम सर, या," शकुबाई म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. "हिनं वकील आणला व्हय?"

"आजी, काका फक्त बोलायला आलेत."

"बोलू दे की. मीबी बोलते." त्यांनी उशीखालून पुस्तिका काढली. "हे तुम्हीच छापलंय ना? तिकडंच राह्यला. माझी आजी चंद्रभागा मरेस्तोवर कुंकू लावायची, सर. पाणवठ्यावर बाया हसायच्या. म्हणायच्या, तुझ्या नवऱ्यानं बसऱ्यात गोरी बाई केली, तू कोणासाठी नटती? माझा बाप पोटात होता तवा तो गेला. बापानं बापाचं तोंड नाय पाह्यलं. मी म्हणायची, लोक खोटं बोलत्यात. मंग तुमचं पुस्तक आलं. शिकलेल्या माणसानं लिव्हलं म्हणल्यावर खरंच आसंल."

निकिताने दिलेला चहाचा कप मी न पिताच खाली ठेवला.

"आन आता ही चालली. त्या जर्मनीशीच इंग्रजाचं भांडण होतं ना? त्या पायी आमचा माणूस नेला. आता तीच जर्मनी हिला पगार देणार!"

"बसऱ्याला तसे समोर तुर्क होते," मी म्हणालो, "पण ते जर्मनीच्या बाजूने..."

"काका," निकिता दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ता नको ना."

"तीन वर्षं म्हणत्यात," शकुबाई म्हणाल्या. "मंग पाच. मंग तिथलंच घर, तिथलाच नवरा. गेलेलं माणूस इसरतं. आमच्या घरात झालंय ते."

मी वही पिशवीतून काढली. "शकुबाई, तुमच्या आजोबांच्या अंगावर काही खूण होती का? तुमच्या आजी काही सांगायच्या?"

"करंगळी नव्हती. डाव्या हाताची. लहानपणी कडबा तोडताना गेली. का?"

खूण आधी त्यांच्या तोंडून यावी म्हणून नोंदीचा शेवट मी राखून ठेवला होता. आता वाचून दाखवला. 'खूण: डाव्या हाताची करंगळी नाही.' मग आधीचं वाचलं. मग पेन्सिलीने लिहिलेलंही वाचलं, कारण ते गाळलं असतं तर मला पुन्हा त्या घरात जाता आलं नसतं.

"ते परत आले होते," मी म्हणालो. "बोटीतून उतरले, देवळालीला आणले गेले, तिथे तापाने गेले. नोंदीत गावाचं नाव नाही, नुसता तालुका आहे. म्हणून घरी निरोप आला नसेल. चूक माझी आहे. मला वाटलं, युद्ध संपल्यावर तिथे कोण थांबेल."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"देवळालीहून आमचं गाव किती?" शकुबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं. तरी मी सांगितलं.

"चालत एक दिवस."

"एक दिवस." त्यांनी पदर तोंडाला लावला. निकिता त्यांच्याजवळ जाऊन बसली. "म्हंजी घराकडंच निघाला होता, गं. बाईबिई काय नव्हती. आजीचं कुंकू खरं होतं."

मग माझ्याकडे वळून त्या कडाडल्या, "आन अकरा वर्षं तो तुमच्या वहीत बसून होता व्हय?"

"हो," मी म्हणालो.

"पुस्तकं वाचून वाचून डोळे गेले तुमचे." त्यांनी डोळे पुसले. निकिताचा हात हातात घेऊन तो उलटसुलट केला, जणू बोटं मोजत होत्या. "जा तू. त्याच्याजवळ निरोप धाडायला कोणी नव्हतं. तुझ्याकडं फोन हाय. आजारी पडलीस तर पैला मला सांगायचं, तुझ्या बापाला नंतर. आन येशील तवा मधी कुठं थांबायचं नाय. मुंबईला उतरली की नीट दारात."

"आजी, मैत्रिणीकडे एक दिवस तरी..."

"एक तास नाय."

निकिता रडत रडत हसायला लागली.

मी निघायला उठलो, तर शकुबाईंनी हात जोडले. "सर, लय उपकार झाले."

"अहो, माझ्यामुळेच तर..."

"दुसरा आसता तर गप बसला आसता."

"मीही विचार केला होता तसा," मी म्हणालो. "अगदी तुमच्या दारात येईपर्यंत."

"पण बसला नाय ना? मंग झालं तर. खाली बसा, च्या गार झाला तुमचा. निके, दुसरा टाक."

कोणी आभार मानले की मी उगाच वाद घालत बसतो. त्या दिवशी घातला नाही. खाली बसलो आणि दुसरा चहा येईपर्यंत थांबलो.