मिठाचा आळ

मी एक पासवर्ड. मला चेहरा नाही. पडद्यावर लिहिलं तर काळे ठिपके दिसतात, तेवढंच माझं रूप. गप्प राहणं हाच माझा धर्म, पण परभणीच्या एका घरात माझ्यावर आळ आला आणि तो मी मुकाट्यानं सोसणार नाही.

माझा जन्म सुमंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात झाला. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई आपल्या पाककृती एका संकेतस्थळावर लिहून ठेवू लागल्या. खातं उघडताना पडदा एकेक अट घालायला लागला. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, वर एखादं चिन्हही हवं. बाई वैतागल्या. "पासवर्ड मागायलेत का मुलासाठी स्थळ बघायलेत?" असं म्हणत शेवटी त्यांनी मला जुळवलं. दार उघडलं तेव्हा त्या हसल्या. मला फार बरं वाटलं.

त्या दारामागं नुसत्या भाज्या-आमट्या नव्हत्या. बाईंचे यजमान व्यंकटराव कृषी विद्यापीठात कारकून होते. त्यांचं हृदय थकलेलं, म्हणून डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलेलं. त्यांच्यासाठी बाईंनी बिनमिठाचे पदार्थ बसवले होते, कुठं लिंबू पिळून, कुठं जिरं भाजून. मीठ घालायचंच नाही म्हणून ते लिहिलंही नव्हतं. आपल्या पानात बाई वरून घेत. हे दुखणं मात्र गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. व्यंकटरावांची सक्त ताकीद होती. "उद्या पंगतीत सगळे माझ्या पानाकडंच बघत बसतील. कुणाला सांगायचं नाही."

मग बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नांदेडला. पुढं काही दिवस चुलीपाशी जायचं नव्हतं. मुलगा केयूर पुण्याहून आला आणि त्यानं वडिलांच्या फोनवर एक एआय मदतनीस बसवला. तो संकेतस्थळावर जाणार, बाईंची पाककृती काढणार आणि मोठ्यानं वाचून दाखवणार. व्यंकटरावांनी ऐकत ऐकत रांधायचं. दार उघडायला मी लागणार होतो. केयूरनं मला फोनमधल्या एका कुलूपबंद तिजोरीत ठेवलं. काम पडलं की तिथून मला परस्पर कुलपाला लावायचं, खुद्द मदतनिसालाही मी दिसायचा नाही, अशी व्यवस्था. "याला कितीही विचारा बाबा, हा पासवर्ड सांगणार नाही. त्याला माहीतच नाही," केयूर म्हणाला. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

यंत्रानं मला उघड केलं नाही. उघड केलं बाईंनी.

दोघं नांदेडला निघताना बाईंनी घराची किल्ली नेहमीप्रमाणं शेजारच्या बबिताकडं दिली. आमच्या गल्लीत किल्ली दिली की सगळंच दिलं, दूध घेण्यापासून तुळशीला पाणी घालण्यापर्यंत. "माझ्या भाज्या शिकायच्यात म्हणत होतीस ना? हा घे पासवर्ड. तुला काय परकं आहे," असं म्हणून बाईंनी मलाही तिच्या हातात ठेवलं.

बबिता तशी मनाची चांगली. तिनं पाककृती वाचली, मीठ नाही. दुसरी वाचली, तिच्यातही नाही. "ऑपरेशनच्या धास्तीनं ताई मीठच इसरल्या की," असं म्हणत तिनं एकेका पाककृतीत सढळ हातानं मीठ लिहिलं. मी काय करणार? संकेतस्थळाच्या लेखी मला घेऊन येईल ती सुमंगला.

बाई घरी आल्या, डोळ्यावर पट्टी. व्यंकटराव स्वयंपाकाला लागले. मदतनीस म्हणाला, दीड चमचा मीठ. जन्मभर लिहिलेलं प्रमाण मानलेला माणूस तो. बायकोनं लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल, असं त्यांनी धरलं. शिवाय जीभ मिठाला आसुसलेली, मग शंका कोण काढतो? जेवताना बाईंना वाटलं, माझ्या वाटणीत यांनी वेगळं मीठ घातलं.

आठवड्याभरात व्यंकटरावांचे पाय सुजले. आडवं झालं की श्वास घेता येईना. दवाखान्यात भरती करावं लागलं. केयूर धावत आला. डॉक्टरांनी मिठाचं विचारलं तेव्हा खाटेवरून व्यंकटराव धापा टाकत म्हणाले, "ते यंत्र खोटं सांगायलंय." केयूरनं संकेतस्थळ उघडून पाहिलं. पाककृतींत मीठ वाढलं होतं आणि सगळे बदल सुमंगलाबाईंच्याच नावावर होते. "आईनं केले नाहीत, मग पासवर्ड फुटला," तो म्हणाला आणि सगळे माझ्या नावानं बोटं मोडू लागले.

तेवढ्यात बबिता डबा घेऊन आली. मिठाचं बोलणं ऐकून ती दारातच थबकली.

"ताई, ते मीच लिवलं वो. तुमी इसरल्या वाटलं मला." तिनं डबा खाली ठेवला. "भाऊंना मीठ बंद हाय, येवढं एका शब्दानं तरी सांगायचं व्हतं की. किल्ली देता, घर देता, आन् दुखणं लपवता?"

व्यंकटरावांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

तर ऐका. मी फुटलो नाही. जे सांगायचं ते तुम्ही झाकून ठेवलं आणि जे झाकायचं ते सांगून बसलात. शेजाऱ्याला दुखणं सांगा, किल्ली द्या, वाटीभर साखर द्या. मला देऊ नका. माझ्यावाचून शेजारधर्म अडत नाही.

व्यंकटराव बरे होऊन घरी आले. हल्ली बबितानं काही आणलं की स्वतःच विचारतात, "बिनमिठाचं आहे ना?" किल्ली अजून तिच्याकडंच असते. केयूरनं नवा पासवर्ड केला, लांबलचक, यंत्रानं बनवलेला, घरात कुणालाच पाठ नसलेला. तो आता त्या तिजोरीत राहतो. मला मात्र त्याच दिवशी काढून टाकलं. मला कुणी काही विचारलं नाही.

काल बाईंनी सवयीनं मलाच लिहिलं. नव्या नजरेनं, एकही अक्षर न चुकता. दार उघडलं नाही. लाल अक्षरं आली, पासवर्ड चुकीचा आहे.

मी जुना झालो, हे मान्य. चुकीचा मी एक दिवसही नव्हतो.